फक्की, फीत आणि नोकरी

(नागपुरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘क्रीडा व्यवस्थापन तज्ज्ञ’ असं छापलंय. ते वाचून घरचे सगळे हसले. खेळाच्या धंद्यात मी शिरलो तो फक्कीच्या पांढऱ्या पुडीचं घमेलं घेऊन. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मैदानावर रेषा आखायच्या, सकाळी पंचांना चहा पोचवायचा, आणि मिळालं तर मानधन घ्यायचं.

तेव्हाची एक फजिती सांगतो. कबड्डीची खुली स्पर्धा होती, पुरुष आणि महिला दोन्ही गट. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. मी दोन्ही मैदानं पुरुषांच्या मापाने आखून मोकळा झालो. रात्री जेवताना घास हातात असतानाच लक्षात आलं. पण उठलो नाही. म्हटलं, कोण फीत घेऊन बघायला येतंय!

सकाळी महिलांच्या पहिल्या सामन्याआधी सराव चालू होता. एका संघाची कर्णधार चढाईला गेली आणि मध्येच थांबली. परत मध्यरेषेवर आली, टाचेला पायाचं बोट लावत पावलं मोजत निदान रेषेपर्यंत, म्हणजे चढाई करणाऱ्याला ओलांडावीच लागते त्या रेषेपर्यंत गेली. महिलांच्या मैदानात ते अंतर तीन मीटर असतं, पुरुषांच्या पावणेचार. तिने फीत न लावता पाऊण मीटर पकडलं. माझ्याकडे वळून म्हणाली, “दादा, हे तर पोट्ट्यांचं ग्राउंड हाय.”

मी काय केलं? स्पर्धेच्या सचिवांना शोधायला पळालो. कशाला, तर खुलासा द्यायला. अंधार होता, कागद दुसऱ्याकडे होता, असं बरंच तोंडपाठ करत गेलो. परत आलो तर पाण्याचे ड्रम भरणाऱ्या मुलाने खराट्याने जुन्या रेषा पुसल्या होत्या. फितीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं त्या कर्णधाराच्याच हातात. माइकवर निरोप पाठवून त्याने पुरुषांचा सामना आधी लावून घेतला होता. त्याच्या गळ्यात ओळखपत्रसुद्धा नव्हतं. वीस मिनिटांत नवं मैदान तयार. मला बघून एवढंच म्हणाला, “भाऊ, फक्की पुरते का बघा.”

तो मुलगा आज एका संघाचा प्रवास, मुक्काम, सामान, सराव असं सगळं सांभाळतो. हुद्दा नंतर मिळाला. हाताखालची माणसं मात्र त्या सकाळीच त्याचं ऐकायला लागली होती, त्यात मीही आलो.

माझी चूक मापाची होती, पण त्याहून मोठी चूक रात्री गप्प बसण्याची. आपल्याकडे एक वाक्य फार चालतं, “होऊन जाईल ना भाऊ.” मैदानावरच्या कामात या वाक्याइतकं नुकसान पावसानेही केलं नसेल.

पावसावरून आठवलं. २३ सप्टेंबर २०२२, आपलं जामठ्याचं क्रिकेट स्टेडियम, भारत-ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटी. त्या संध्याकाळी पाऊस नव्हता. दिवे लागलेले, लोक बसलेले आणि खेळ नाही, कारण आधीच्या पावसाने आउटफिल्ड, म्हणजे खेळपट्टीभोवतीचं मैदान, ओलं. सातचा सामना साडेनऊला सुरू झाला, तोही आठ-आठ षटकांचा. रोहित शर्माच्या २० चेंडूंतल्या नाबाद ४६ धावा सगळ्यांना आठवतात. मी वर बसून त्याआधीचे अडीच तास बघत होतो. पंच येतात, बुटाने गवत दाबून बघतात, परत जातात. खेळवायचं की नाही हे पंचच ठरवतात, पण कुठला तुकडा अजून ओला आहे हे मैदानाच्या माणसाला जास्त कळतं. अशा वेळी “होऊन जाईल साहेब” म्हणायचा मोह किती होत असेल, विचार करा. आणि मग धावत येणाऱ्या गोलंदाजाचा पाय घसरला तर?

आता पोटापाण्याचं बोलू. आयपीएल २००८ मध्ये आली, प्रो कबड्डी २०१४ मध्ये, अल्टिमेट खो-खो २०२२ मध्ये. त्यामुळे ‘खेळात करिअर’ म्हणजे खेळाडू किंवा पीटीचे सर, एवढंच राहिलं नाही. स्कोअरर, व्हिडिओ बघून आकडे काढणारा विश्लेषक, फिजिओ, खेळपट्टी तयार करणारा क्युरेटर, तिकीट आणि गर्दी सांभाळणारे, प्रक्षेपणवाले. आपल्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. अशा स्पर्धांतले आर्बिटर, म्हणजे बुद्धिबळाचे पंचही परीक्षा देऊन, पायरी पायरीने वर गेलेले असतात. शशांक मनोहर तर याच शहरातले वकील. बीसीसीआयचे अध्यक्ष झाले, आणि २०१६ मध्ये आयसीसीचे पहिले स्वतंत्र अध्यक्ष.

पण गुलाबी चित्र रंगवत नाही. बरीच कामं हंगामापुरती असतात, सुरुवातीचा पैसा कमी, आणि दिवाळीत तुम्ही घरी नसता. आईबाबांना हे आधीच सांगा. नुसत्या पदवीवर विसंबू नका, हाताला एक पक्कं काम शिकवा. स्कोअरिंग शिका, पंचांची परीक्षा द्या, प्रथमोपचार शिका, एक्सेल नीट शिका. “मला खेळाची आवड आहे” असं मुलाखतीत प्रत्येक जण म्हणतो. “मी अमुक स्पर्धेत एका दिवसात चाळीस सामन्यांचं वेळापत्रक सांभाळलं आणि दुपारी ते असं कोलमडलं” असं सांगणारा क्वचित भेटतो. मी त्यालाच खुर्ची पुढे करतो.

आणि घाई करू नका. डिसेंबर २०१७ मध्ये इंदूरला दिल्लीविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात विदर्भाचा यष्टिरक्षक अक्षय वाडकरने शतक ठोकलं, तेव्हा कर्णधार फैज फजल होता. २०२५ मध्ये जामठ्यावर केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी जिंकली, तेव्हा कर्णधार वाडकर. मधली सात वर्षं त्याने यष्टीमागे वाकून काढली, हे आपण विसरतो.

मघाशी एका मुलीने चिठ्ठी पाठवली : “सर, ओळख नसेल तर सुरुवात कुठून करायची?” रविवारी रेशीमबागला एका छोट्या स्पर्धेची आखणी आहे. पहाटे साडेपाचला, ऊन चढायच्या आत. मानधन नाही, तर्री पोहे आहेत. फीत मी आणतो, दोरी कोणीतरी घेऊन या. आणि महिलांचं माप मला विचारू नका, आता पाठ आहे.