एक सेकंद: यशिकाचं शटर उघडताना

शटर एका सेकंदावर लावलंय. बटण दाबलं. पाती उघडली, आणि उघडीच राहिली.

हा यशिकामॅट १२४-जी कॅमेरा. १९७० ते १९८६ या काळात जपानमध्ये बनलेला. वरच्या लेन्समधून बघायचं, खालच्या लेन्सनं फोटो काढायचा. आपल्याकडच्या कितीतरी स्टुडिओंनी लग्नं-मुंजी यशिकावर काढल्या. नंतर तो केससकट कपाटात गेला, आणि तिथेच बिघडला.

कॅमेरे दुरुस्त करणारे काका पुढचं कातडं अलगद सोलतात. स्क्रू त्याच्याखाली दडलेले असतात. प्लेट निघाली, आता समोर कोपाल कंपनीचं शटर. हे बारीक दातेरी चाकांचं यंत्र पाहा. सेकंद, अर्धा सेकंद, पाव सेकंद, हे सगळे संथ वेग याच्या हातात. कॅमेरा चालवलाच नाही की यातलं जुनं ग्रीस चिकट होतं आणि चाकं अडकतात. काका पेट्रोलसारखं उडून जाणारं द्रावण वापरून ते धुऊन काढतात. पात्यांना मात्र तेलाचा थेंबही लागू देत नाहीत, पाती कोरडीच चालली पाहिजेत.

आता कान द्या. घुर्र... खट. पूर्ण एक सेकंद.

आतल्या आरशाला कापड लावायचं नाही. त्याचा चकाकता मुलामा काचेच्या वरच्या बाजूला असतो, पुसला की ओरखडे पडतात. फुंकणीनं धूळ उडवायची, बस्स. खालच्या लेन्सच्या कडेला हे कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतंय, ती बुरशी. चामड्याची केस पावसाळ्यात ओल धरून ठेवते. केस वेगळी ठेवा, कॅमेरा ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा, आणि महिन्यातून एकदा तरी सगळ्या वेगांवर शटर चालवा. शोभेला मांडून ठेवू नका हो, तो चालण्यासाठी बनलाय.

प्रकाश मोजणारा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा. ते सेल आता बंद झाले. दीड व्होल्टचा घातला तर काटा चुकीचं दाखवतो. काका श्रवणयंत्राचा सेल बसवतात, तो १.४ व्होल्टचा, बराच जवळचा.

सुटे भाग आता दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातूनच काढावे लागतात, आणि हे काम शिकायला नवं कोणी येत नाही.

वन-ट्वेन्टी मापाच्या फिल्मचा रोल चढतोय. फिल्ममागच्या कागदावरचा बाण बॉडीवरच्या खुणेशी जुळला, की झाकण बंद. हँडल पुढे फिरवा, थांबेल तिथून मागे आणा. शटर भरलं. पहिला फोटो, बारापैकी.