नवी चप्पल, पायाचा फोड आणि एक न दिसणारा पडदा

नमस्कार मंडळी! आज तोंडाआधी पाय दाखवतो, माफ करा.

(कॅमेरा खाली)

अंगठ्याशेजारचा हा फोड बघा. अथणीची नवी चप्पल घेतली. चप्पल झकास, खरं पहिल्याच दिवशी चावली. खडेबाजारातून शनिवार खुटापर्यंत गेलो, तेवढ्यात काम झालं.

आता नीट बघा. फोडात पाणी आहे, रक्त नाही. का? कातडीचा वरचा थर, एपिडर्मिस, त्यात रक्तवाहिन्याच नसतात. घासून फाटला तो त्याच थराच्या आत. त्याच्या तळाशी एक पडदा आहे, बेसमेंट मेम्ब्रेन. आपण तळपडदा म्हणूया. तो शाबूत आहे. त्यावर बसलेल्या पेशी आता नवी कातडी तयार करतील आणि आठवड्याभरात व्रणसुद्धा राहणार नाही.

पडदा किती जाड? साधारण 50 ते 100 नॅनोमीटर. असे हजारेक पडदे एकावर एक रचले तर वहीचं एक पान होईल. एपिडर्मिसला लागणारं अन्न खालच्या रक्तवाहिन्यांतून याच पडद्यातून वर झिरपतं.

(चप्पल हातात घेऊन)

आणि गंमत बघा. हे चामडं म्हणजे जनावराचा खालचा थर, डर्मिस. कातडं चुन्यात भिजवलं की केस आणि वरचा पातळ थर सुटतो. मग बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात. डर्मिसमधलं कोलॅजन नावाचं प्रथिन दोरखंडासारखं वळलेलं असतं, म्हणून चप्पल वर्षानुवर्षं टिकते. तळपडद्यातलं कोलॅजन वेगळ्या जातीचं, चौथ्या प्रकारचं. त्याचे दोर नसतात, जाळी असते. त्या जाळीला लॅमिनिन नावाचं प्रथिन जोडलेलं असतं. 1979 साली रूपर्ट टिम्पल आणि सहकाऱ्यांनी ते उंदराच्या गाठीतून वेगळं काढलं. पेशी लॅमिनिनला धरून बसतात.

आता या चपलेची शिवण बघा. खिळा नाही, चामड्याची वादी. तळपडदाही खालच्या डर्मिसला असाच शिवलेला असतो, सातव्या प्रकारच्या कोलॅजननं. काही बाळांना जन्मतःच हे टाके नीट मिळत नाहीत. एपिडर्मोलिसिस बुलोसाचा तो एक प्रकार. नुसतं उचललं तरी कातडी सुटते, फोड येतो तो पडद्याच्या खाली, आणि भरताना व्रण राहतो. माझा फोड आणि त्या बाळाचा फोड वरून सारखेच दिसतील. खरं त्यांच्यात एका पडद्याचं अंतर आहे.

मूत्रपिंडाकडे येऊ. तिथं हाच पडदा तिपटीनं जाड असतो आणि गाळणीचं काम करतो. दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळून जातं. त्यातलं बहुतेक सगळं शरीर परत घेतं, लघवी होते दीड-दोन लिटर. रक्तातली मोठी प्रथिनं मात्र अलीकडेच थांबायला हवीत.

मधुमेहात हा पडदा आणखी जाड होतो. मग गाळणी घट्ट व्हायला पाहिजे ना? उलटं होतं. ती गळायला लागते! वर्षानुवर्षं वाढलेली साखर प्रथिनांना चिकटते, पडद्याची घडण बिघडते, त्याला धरून बसलेल्या पेशीही जखमी होतात. जाड गोधडी, खरं वीण उसवलेली. मग अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, लघवीत उतरतं. सुरुवातीला काही दुखत नाही, सूज नाही, काहीच नाही. म्हणून टाइप दोनचा मधुमेह असेल तर निदानापासूनच दरवर्षी लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. कुंदा खाताना आठवण ठेवा एवढंच म्हणतो. मीही बेळगावचाच आहे, खाऊ नका कुठल्या तोंडानं सांगू?

चौथ्या प्रकारचं हेच कोलॅजन कानाच्या आतही असतं. त्यामुळं अल्पोर्ट सिंड्रोममध्ये, म्हणजे हे कोलॅजनच जन्मतः बिघडलेलं असतं त्या आजारात, लघवीत रक्त येतं आणि ऐकूही कमी येतं. सेसिल अल्पोर्ट यांनी 1927 मध्ये एका कुटुंबातला हा आजार नोंदवला.

आता जरा जड विषय, तोंडाचा कॅन्सर. निपाणीचा तंबाखू आपल्या भागात कुणाला सांगायला नको. तोंडातल्या चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवला, की पॅथॉलॉजिस्ट एक मोठी गोष्ट शोधतो: बिघडलेल्या पेशी तळपडद्याच्या वरच आहेत, की पडदा फोडून खाली उतरल्यात? वर असतील तोवर त्यांना ना रक्तवाहिनी सापडते ना लसिकावाहिनी, त्यामुळं पसरता येत नाही. रिपोर्टवर ‘इन सिटू’ लिहिलेलं असतं ते याचसाठी. ‘इन्व्हेसिव्ह’ म्हणजे पडदा ओलांडला. पडद्याची जाळी कापणारी विकरं या पेशी स्वतः बनवतात, शेजारच्या पेशींकडूनही बनवून घेतात. पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर दाखवून या. मीठ-हळदीच्या गुळण्या करत महिना काढू नका.

आणि हो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली आजी घरात असेल, तर तिची नवी भिंग ज्या पिशवीत बसवलीय ती पिशवीही तळपडदाच. शरीरातला सगळ्यात जाड.

राहिला माझा फोड. फोडायचा का? नाही. वरची कातडी हेच त्याचं उत्तम झाकण. स्वच्छ ठेवायचा, वर सैल पट्टी. मधुमेह असेल, पाय बधिर असतील, तर साधा फोडही डॉक्टरांना दाखवायचा. चप्पल तूर्त खोबरेल पीत पडलीय. पुढच्या व्हिडिओपर्यंत मी रबरीच घालणार.