हातचा एक म्हणजे नक्की किती?

नमस्कार मंडळी! जून-जुलै आला की आपल्या नाशिकात, मग ते पंचवटीतलं जुनं घर असो की पाथर्डी फाट्यावरचा नवा फ्लॅट, संध्याकाळी सात-साडेसातला एक आवाज हमखास ऐकू येतो, "अरे हातचा एक घेतलास का? किती वेळा सांगायचं!" पोरगं दुसरीतलं, पुढ्यात वही, आणि आईच्या हातात लाटणं. आज त्या हातच्याबद्दलच बोलायचंय. मी लहान मुलांना गणित शिकवते, म्हणजे जे सांगणार ते रोज वर्गात दिसतं तेच, फार थिअरी नाही.

हे गणित घ्या, २७ अधिक १५. बरीच मुलं याचं उत्तर काय लिहितात माहितीये? ३१२. आपण कपाळावर हात मारतो, पण जरा थांबून बघा पोरानं काय केलंय ते. सात आणि पाच बारा, बरोबर. दोन आणि एक तीन, तेही बरोबर. मग तीन लिहिले, शेजारी बारा लिहिले, झाले ३१२. म्हणजे बेरीज त्याला येते हो! त्याला माहीत नाही ते एवढंच, की २७ मधला तो दोन म्हणजे दोन नाहीयेत, वीस आहेत. अशा वेळी लाल पेनानं फुली मारण्यापेक्षा त्याला विचारा, "बाळा, २७ रुपयांचा साबण आणि १५ रुपयांची बिस्किटं आणली, तर दुकानदार काका ३१२ रुपये मागतील का?" मूल हसतं आणि स्वतःच म्हणतं, छे, एवढे कसे. तिथून पुढे शिकवायला मजा येते.

आता शिकवायचं कशानं? माझं म्हणणं, काड्यांनी. आईस्क्रीमच्या काड्या, खराट्याचे हीर, काहीही चालतं, आणि डब्यातली दोन-चार रबरं. पण एक पथ्य पाळा, गठ्ठे तुम्ही बांधून देऊ नका. मुलानं स्वतः एक ते दहा मोजायचं, रबर लावायचं, आणि म्हणायचं "एक दशक". सुरुवातीला नऊचाच बांधतील, अकराचा बांधतील, बांधू दे, पुन्हा सोडून मोजू दे. मग २७ म्हणजे दोन गठ्ठे आणि सात सुट्या, १५ म्हणजे एक गठ्ठा आणि पाच सुट्या. सगळं एकत्र केलं की सुट्या झाल्या बारा. आता बारा सुट्या आहेत म्हटल्यावर मुलाचा हात आपोआप रबराकडे जातो, कारण दहा झाल्या की बांधायचं हा खेळाचा नियमच आहे ना. नवा गठ्ठा तयार झाला, तो उचलून आधीच्या तीन गठ्ठ्यांजवळ ठेवला, सुट्या उरल्या दोन. चार गठ्ठे दोन सुट्या, ४२. तो जो उचलून ठेवला ना गठ्ठा, तोच तुमचा हातचा! वहीत आपण वर बारीकसा १ लिहितो, पण तो एक काडी नसतो, दहा काड्यांचा गठ्ठा असतो. हे ज्या मुलाच्या हातून झालंय त्याला "हातचा विसरलास" असं ओरडावं लागत नाही, कारण गठ्ठा विसरला तर तो समोर जमिनीवर पडलेला दिसतो.

मग पैशानं का नको, असं पालक विचारतात. आपण तर नोटांच्या गावचे, नाशिकरोडला प्रेस आहे, नोटा इथंच छापतात, तेव्हा मुलांना दहाची नोट काही नवी नाही! पैसे घ्याच, पण काड्यांच्या नंतर. कारण दहाची नोट फाडून बघितली तरी आत दहा रुपये दिसत नाहीत, ते आपण मानायचं असतं. गठ्ठ्यात दहा काड्या डोळ्यांना दिसतात. म्हणून आधी काड्या, ते पक्कं झालं की एकची नाणी आणि दहाच्या खोट्या नोटा, मग शंभरची, आणि त्यानंतर वहीतली उभी मांडणी. आपल्याकडं नेमकं उलटं होतं, पहिल्या दिवसापासून एकक-दशकाच्या रेघा मारलेली वही.

अजून एक भानगड म्हणजे आपले मराठी आकडे. चौतीस म्हणताना तोंडातून आधी चार येतात आणि मग तीस, पण लिहायचे मात्र आधी तीन! म्हणून मुलं ४३ लिहितात, त्यात त्यांचा काय दोष? आणि एकोणतीस तर विचारूच नका, त्यात नऊ कुठं ऐकूच येत नाहीत. आठवत असेल, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी "वीस एक, वीस दोन" असं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, गणितज्ञ मंगला नारळीकर मॅडम त्या पुस्तकाच्या समितीच्या प्रमुख होत्या, त्यांनी परोपरीनं समजावून सांगितलं, तरी जोक काही थांबले नाहीत. मला विचाराल तर दोन्ही म्हणू द्या. काड्या मोजताना "तीस आणि चार" आणि लगेच "चौतीस". चौतीस कुठं पळून जात नाही, पण तीस आणि चार म्हटलं की बेरीज अर्धी तोंडातच होते.

चाळीस आणि सहा लिहा म्हटलं की काही मुलं ४०६ लिहितात, त्यावरही उपाय आहे. घरी जुन्या लग्नपत्रिका असतीलच, त्यांच्या पट्ट्या कापा. दुप्पट रुंद पट्ट्यांवर १०, २०, ३० असे ९० पर्यंत, निम्म्या रुंदीच्या पट्ट्यांवर १ ते ९. आता ४० च्या शून्यावर ६ ची पट्टी ठेवायची, झाले ४६, आणि वरची पट्टी उचलली की खालचं शून्य तिथंच. चार म्हणजे चाळीस कसे ते मुलाला एका क्षणात दिसतं. आर्यभटानं दीड हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय की एका स्थानावरून पुढच्या स्थानावर गेलं की किंमत दहापट होते, तेच हे, फक्त लग्नपत्रिकेवर.

आता एक गोष्ट जी पालकांना खटकते. मूल तोंडी करताना आधी दशक मिळवतं, वीस आणि दहा तीस, सात आणि पाच बारा, तीस आणि बारा बेचाळीस. लगेच आपण म्हणतो, "चूक! आधी एकक घ्यायचं." अहो, चूक कसली? रविवार कारंज्यावर भाजीवाल्या मावशी हिशोब असाच करतात आणि त्या कधी चुकत नाहीत, चुकल्या तरी आपल्या बाजूनं नाही! उभ्या मांडणीत एककापासून सुरू करतो कारण खोडाखोड वाचते, एवढंच. डोक्यात जसं जमेल तसं करू द्या. २९ आणि १५ असेल तर काही पोरं पंधरातला एक एकोणतीसला देऊन टाकतात, तीस आणि चौदा चव्वेचाळीस, अशा पोराला तर शाबासकी द्या.

यासाठी दहाच्या जोड्या मात्र तोंडपाठ हव्यात, सात-तीन, आठ-दोन, सहा-चार. मुंबई नाक्यावर सिग्नलला अडकलात की खेळा, तुम्ही म्हणा सहा, मागच्या सीटवरून आलं पाहिजे चार.

आणि हो, बेरीज जमली म्हणून काड्या लगेच माळ्यावर टाकू नका. पुढच्या भागात वजाबाकी आहे, ४२ मधून १५ काढायचे तर सुट्या दोनच, तेव्हा एक गठ्ठा सोडावा लागणार आहे, आणि ते रबर मुलानंच काढायचंय. भेटूया मग, नमस्कार!