एकानं एकच जागा धरावी

[दृश्य: पावसात निथळणारं मंगल कार्यालयाचं फाटक. आत खुर्च्या लावल्याचा आवाज.]

श्रावणातला रविवार, सकाळचे साडेसात. बेळगावच्या टिळकवाडीतलं मंगल कार्यालय. एरवी जिथे बोहलं असतं तिथे आज पांढरा पडदा टांगलाय. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त फारसे नसतात, त्यामुळे हॉल रिकामा आणि भाडंही परवडणारं. विज्ञानकथाप्रेमींचा एक दिवसाचा मेळावा भरवायला हेच दिवस बरे. पाऊस फुकटात मिळतो.

येणार शंभर-सव्वाशे जण, राबणार पंधरा. पगार कुणालाच नाही. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा अधिवेशन भरलं, तेही चाहत्यांनीच भरवलं होतं. तेव्हापासूनची गोम एकच: मदतीला आलेला माणूस स्वतःच चाहता असतो. आवडीचा विषय सुरू झाला की नोंदणीवरचा मुलगा आधी दारात उभा राहतो, मग आत जाऊन बसतो. बाहेर टेबल, पेटी आणि पावत्या देवाच्या भरवशावर.

म्हणून आधी जागा ठरवायच्या. दार, नोंदणी, पुस्तकं, पडदा, चहा, जिना. प्रत्येक जागेला दोन तासांची पाळी, आणि बदलीचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय उठायचं नाही. कुणाला कोणतं सत्र चुकवायचं नाही ते आदल्या दिवशीच विचारून घ्यायचं आणि त्या वेळी त्याला मोकळं ठेवायचं. शिवाय दोघं जण बिनकामाचे हवेतच. दिसले की कुणीतरी त्यांना खुर्च्या उचलायला लावतं. तेवढं होऊ द्यायचं नाही. अडचण आली की धावायला तेच असतात.

[दृश्य: इन्व्हर्टर. बोट त्याच्या मागच्या लहान खटक्यावर.]

वीज जाणार, हे धरूनच चालायचं. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. प्रोजेक्टर ३०० वॉट, लॅपटॉप ६५, आवाजाची यंत्रणा शंभरेक. हिशेबाने जवळजवळ चार तास येतात. प्रत्यक्षात सव्वादोन-अडीच धरा, बॅटरी जुनी असेल तर त्याच्या निम्मे. आणि कार्यालयातले पंखेही बहुतेक त्याच इन्व्हर्टरवर असतात. एक पंखा सत्तर-पंच्याहत्तर वॉट खातो. दहा पंखे फिरत राहिले तर इन्व्हर्टर किंचाळून बंद पडतो. कोणतं बटण कोणत्या पंख्याचं, हे आदल्या संध्याकाळी एकेक दाबून बघायचं आणि बटणाखाली चिकटपट्टीवर लिहून ठेवायचं.

मागचा हा खटका कुणी बघत नाही. बऱ्याच इन्व्हर्टरना दोन पद्धती असतात, साधी आणि यूपीएस. साध्या पद्धतीत वीज बदलायला जरा जास्त वेळ लागतो. पंख्याला ते कळतही नाही, प्रोजेक्टर मात्र तेवढ्यात बंद पडतो. दिव्याचा प्रोजेक्टर असा अचानक विझला की आतला पंखाही थांबतो. दिवा तापलेला राहतो आणि निवल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. चार-पाच मिनिटं वक्ता अंधारात हसत उभा. खटका यूपीएसकडे केला की हे सहसा टळतं.

स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज येत असेल तर मिक्सरवरची बटणं पिळत बसू नका. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या फेऱ्यात आहे. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या.

दुसरं दुखणं अक्षरांचं, आणि ते आपल्या भागात दुप्पट. मराठी वक्त्याची स्लाइड श्रीलिपीत, कन्नड वक्त्याची नुडीत. त्यांच्या घरच्या संगणकावर सुरेख दिसतं. इथल्या लॅपटॉपवर तो फाँट नसला की ‘कृष्णविवर’च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. उपाय जुनाच: आदल्या रात्री आठपर्यंत सगळ्यांकडून पीडीएफ मागवायची, फाँट आत बसवलेली. आणि ती उघडून शेवटच्या पानापर्यंत बघायची. पहिलं पान नीट दिसलं म्हणून सोडून दिलेली फाइलच सभेत घात करते.

[दृश्य: नोंदणीचं टेबल. ओळखपत्रावर जाड पेनाने नाव लिहिणारा हात.]

“या, बसा.” “बन्नी, बन्नी.” नोंदणीवर दोन्ही भाषा येणारं एक माणूस हवंच. ओळखपत्रावर नाव एवढं मोठं, की चार हातांवरून वाचता यावं. मेळाव्याचं बोधचिन्ह लहान असलं तरी कुणाचं अडत नाही. पेन शाईचं नको, ओल्या हातांनी फराटे होतात.

भाषांतराचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. मराठी भाषण थांबत थांबत कन्नडमध्ये सांगायचं तर चाळीस मिनिटांत वीसच मिनिटांचं भाषण मावतं. वक्त्याला हे आधी सांगा, नाहीतर जेवण अडीचला. खानापूर पंचवीसेक किलोमीटर, पण निपाणी पाऊणशेच्या घरात. तिकडून आलेल्यांना अंधारापूर्वी एसटी गाठायची असते. शेवटचं सत्र पाचला संपलंच पाहिजे. वेळ सांगणाऱ्याने पहिल्या रांगेत बसून ५, २ आणि ० लिहिलेले पुठ्ठे दाखवायचे. शून्य दाखवूनही वक्ता थांबला नाही तर सूत्रसंचालकाने टाळ्या सुरू करायच्या. टाळ्यांपुढे कुणाचं चालत नाही.

कथास्पर्धा असेल तर नोंदणीवरच दोन पाकिटं करायची. कथेवर फक्त क्रमांक, नाव वेगळ्या बंद पाकिटात. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली होती. आपल्या आद्याक्षरांचाच क्रम उलटा करून. पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं. आपल्या गावात तर परीक्षक हस्ताक्षरावरूनही माणूस ओळखतात, तेव्हा कथा टाइप केलेलीच घ्या.

[दृश्य: फोमचं शिरस्त्राण घातलेला माणूस जिन्याच्या तोंडाशी.]

कथांमधल्या पात्रांची वेशभूषा करून येणाऱ्यांसाठी एक टेबल, त्यावर सेफ्टी पिना, दुहेरी चिकटपट्टी, कात्री, गोंदाची बंदूक. पुठ्ठ्याचं चिलखत पावसात मऊ पडून लोंबायला लागतं; फोमला पाण्याचं काही नाही, पण त्यावरचा पोस्टर रंग मनगटावरून ओघळतो. सगळ्यात जास्त विचारणा छातीवरच्या दिव्यांची होते. “पॉवर बँक भरलेली आहे, तरी दिवे विझतात.” पाच-सहा एलईडी इतका कमी करंट घेतात, की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही आणि ती आपोआप बंद होते. पट्टी लांब करा, नाहीतर सरळ तीन पेन्सिल सेल लावा.

शिरस्त्राणातून समोरचं दिसतं, पायाखालचं नाही. म्हणून जिन्यावरचा माणूस हलत नाही, चहालाही नाही. “काका, आधी डोक्यावरचं काढा, मग उतरा.” दिवसभर हेच एक वाक्य.

चहा माणशी ८० मिलीचा कप धरला तर शंभर जणांना एका वेळेचा आठ लिटर. दोनदा द्यायचा. पाहुण्यांसाठी कुणीतरी हौसेने कुंदा आणतंच. तो पुस्तकांच्या टेबलापासून जितका लांब तितका बरा. तुपाचं बोट उमटलेलं जुनं पुस्तक निम्म्या किमतीलाही जात नाही. पुस्तकांचं टेबल भिंतीला टेकवू नका. श्रावणात भिंती घामेजतात, आणि मागची रांग दुपारपर्यंत सर्द होते. हॉलच्या आत मोबाइलला रेंज नसेल तर क्यूआरचा कागद दाराशी लावा आणि पेटीत दहा-वीसच्या नोटा ठेवा.

साडेपाच. खुर्च्या दहा-दहाच्या थप्प्यांत मागे जातात. प्रोजेक्टर बटणाने बंद करून पंखा थांबेपर्यंत वायर काढायची नाही. घाई झाली की नेमकं हेच विसरतं. वायरी कोपरावर गुंडाळू नका, आत पीळ पडून तार तुटते. राहिलेल्या वस्तू नोंदणीच्या टेबलावर: चार छत्र्या, एक चष्मा, आणि फोमचं एक शिरस्त्राण, ज्याचे दिवे अजून चालू आहेत.