ओग्रेमॉक : वाऱ्यावर डूख धरलेला दगड

[पडदा काळा. दगडावर दगड घासल्याचा आवाज. मग अगदी मंद, नारिंगी उजेड.]

इथे डोंगर आहेत. माणसांच्या जगातल्या कुठल्याही रांगेपेक्षा उंच. पण त्यांच्यावर सूर्य उगवत नाही, कारण या जगाला सूर्यच नाही. सर्वांत उंच शिखरांभोवती तर हवासुद्धा नाही. जे काही घडतं ते डोंगरांच्या पोटात, मधाच्या पोळ्यासारख्या पसरलेल्या गुहांमध्ये.

त्या गुहांमधून एक दगड चालत येतो. अंगावर स्फटिकांचे सुळके, त्या सुळक्यांतून झिरपणारा उजेड. तो जिथून जातो तिथे मागे ठिकऱ्या पडतात. आणि त्या ठिकऱ्या, फार सावकाश, जाग्या होतात.

त्याचं नाव ओग्रेमॉक. दुष्ट पृथ्वीतत्त्वाचा राजपुत्र.

[शीर्षक]

हे जग डंजन्स अँड ड्रॅगन्सचं आहे. १९७४ साली अमेरिकेत छापला गेलेला खेळ. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, आणि नशिबाचा भाग फासे ठरवतात. गेल्या पन्नासेक वर्षांत या खेळाने स्वतःची पुराणं रचली. देव, दैत्य, स्वर्ग, नरक, आणि या सगळ्याच्या कडेला तत्त्वांची चार जगं : अग्नी, जल, वायू, पृथ्वी.

चारच. पंचमहाभूतं मोजायची सवय असलेल्या कानाला इथे आकाश गाळलेलं चटकन जाणवतं. हा हिशेब ग्रीकांचा आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात सिसिलीतल्या एम्पेडोक्लीसने सांगितलं की सारं विश्व या चार मुळांपासून बनलंय, आणि त्यांना जवळ आणणारी शक्ती म्हणजे प्रेम, तर दूर लोटणारी म्हणजे कलह. खेळ रचणाऱ्यांनी चार मुळं उचलली. प्रेम मागेच राहिलं, असं मला वाटतं. कलह मात्र पुरेपूर आला.

ओग्रेमॉक आला १९८१ मध्ये, ‘फीन्ड फोलिओ’ नावाच्या राक्षसकोशातून. त्या कोशातले बरेच प्राणी एका ब्रिटिश मासिकाच्या वाचकांनी पाठवलेले होते. लुइस पुल्सिफर या खेळ-रचनाकाराने पाच दुष्ट तत्त्व-राजपुत्र दिले. इमिक्स आगीचा, ओल्हिड्रा पाण्याची, यान-सी-बिन हवेचा, ओग्रेमॉक मातीचा. पाचवा क्रायोनॅक्स, थंडीचा. थंडी हे तत्त्व कधीपासून झालं, हा प्रश्न रास्त आहे, पण तो बाजूला ठेवू.

एक खुलासा आत्ताच करून टाकतो. नियमांच्या काटेकोर भाषेत ओग्रेमॉक देव नाही. देवांची यादी वेगळी आहे आणि तिच्यात त्याचं नाव नाही. पण ज्याच्यासाठी मंदिरं उभी राहतात, ज्याच्या नावाने माणसं माणसांना मारतात, त्याला देव म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? त्याचे भक्त या तांत्रिक मुद्द्यावर अडून बसलेले नाहीत.

[रेखाचित्र : अवाढव्य, चेहरा नसल्यासारखी आकृती]

आता खरी अडचण. आग दुष्ट असते हे कुणालाही पटतं. पुराचं पाणी, वादळ, तेही पटतं. पण माती? ती जिथल्या तिथे पडून असते. तिच्यावर आपण उभे असतो. धरणी पोटात घेते, असं म्हणताना आपल्या बोलण्यात राग नसतो, उलट आसराच असतो. मग मातीचा खलनायक रचायचा कसा?

सोपं उत्तर म्हणजे भूकंप. खेळातही ते वापरलेलं आहे. पण भूकंप ही घटना झाली, स्वभाव झाला नाही. कुणाला दुष्ट म्हणायचं तर त्याला काहीतरी हवं असावं लागतं, किंवा कुणीतरी नकोसं असावं लागतं.

ओग्रेमॉकला नकोसा आहे वारा.

हे उत्तर फार नंतर आलं, आणि तेही एका आडवाटेच्या जागी. २०१४ सालच्या राक्षसकोशात गार्गॉइल या प्राण्याच्या नोंदीत. ओग्रेमॉक आपल्या खडकाळ राज्यातून चालतो तेव्हा त्याच्या वाटेवर गार्गॉइल जन्माला येतात, असं तिथे म्हटलंय. गार्गॉइल म्हणजे दगडाचा, पंख असलेला जीव. आणि हे पंख सोय म्हणून दिलेले नाहीत. ती टवाळी आहे. वाऱ्याला वेडावून दाखवण्यासाठी त्याने उडणारा दगड घडवला.

[क्षणभर शांतता]

या एका कल्पनेवर थोडं थांबायला हवं, कारण माझ्या मते सबंध ओग्रेमॉकमधली हीच सर्वांत कसदार गोष्ट आहे. ज्याचा द्वेष करायचा त्याचीच नक्कल करायची. हवा हलकी, म्हणून हा जडातला जड पदार्थ उडवतो. हवेवर जीव जगतात, म्हणून याच्या लेकरांना श्वासच लागत नाही. गार्गॉइलना हवा नको, अन्न नको, पाणी नको, झोप नको. पंख आहेत, पण ज्यात पंख मारायचे त्या हवेचं काडीचंही ऋण त्यांच्यावर नाही.

खऱ्या जगातल्या गार्गॉइलचं काम यापेक्षा फार साधं. युरोपातल्या जुन्या चर्चच्या छतावरून पावसाचं पाणी भिंतीपासून लांब फेकणारी दगडी पन्हळ. शब्दाचं मूळ फ्रेंच, घशाशी नातं सांगणारं. गुळण्या केल्यासारखं पाणी बाहेर टाकणारं तोंड. खेळाने त्या तोंडातलं पाणी काढून घेतलं आणि तिथे वैर भरलं.

वैराला शत्रू हवा. तो आहे आराकोक्रा, पक्ष्यांसारखे दिसणारे लोक. वायुतत्त्वाच्या जगात तरंगणाऱ्या दगडी बेटांवर त्यांची घरटी असतात. आता पेच बघा : वाऱ्याच्या लोकांनाही घरटं बांधायला शेवटी दगडच लागतो. गार्गॉइल नेमके तेच दगड पोखरतात. उलट आराकोक्रा आपल्या वायुसरदारांच्या वतीने पृथ्वीतत्त्वाच्या जगावर छापे घालतात, गार्गॉइल फोडतात, जमलं तर थेट ओग्रेमॉकवर वार करतात. पंख दोन्हीकडे आहेत.

आणखी एक धागा याच्याशी जुळतो. तो रचणाऱ्यांनी मुद्दाम जुळवला असेल-नसेल. मातीच्या तत्त्वजीवांना, म्हणजे त्या तत्त्वाच्याच बनलेल्या जिवांना, विष बाधत नाही, थकवा येत नाही, झोप लागत नाही. शापाने दगड करावं म्हटलं तर दगडाला आणखी दगड काय करणार? त्यांना दुप्पट लागते ती एकच गोष्ट : गडगडाट. म्हणजे आवाज. म्हणजे थरथरणारी हवा.

[दृश्य : खडकातून सरकणारी सावली, खडकाला चरा नाही]

त्यांची चालही बघण्यासारखी आहे. हे जीव खडकातून पोहत जातात, आणि मागे बीळ उरत नाही. हात न लावलेला खडक त्यांना पाण्यासारखा. छिन्नी लागलेली भिंत मात्र अडवते. ही कल्पना खेळाहून पुष्कळ जुनी आहे. सोळाव्या शतकातला वैद्य पॅरासेल्सस लिहून गेला की भूमीतले जीव भूमीतून तसेच वावरतात, जसे आपण हवेतून. खडक हीच त्यांची हवा. पॅरासेल्ससच्या लेखी हे जीव दुष्ट नव्हते. जमिनीतली संपत्ती राखणारे होते. खेळातही ओग्रेमॉकच्या तोडीची एक भली राजकन्या आहे, सनिस नावाची. तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. भल्यांचं असंच होतं.

माणसांच्या जगात ओग्रेमॉक क्वचितच येतो. त्याच्या वतीने येतात ते पंथ. २०१५ च्या एका मोठ्या कथानकात, डेसारिन नदीच्या खोऱ्यात, जमिनीखाली गाडल्या गेलेल्या, बुटक्या ड्वॉर्फ लोकांच्या एका नगरीत चार तत्त्वांचे चार पंथ ठाण मांडून बसतात आणि शेजाऱ्यांना पाण्यात पाहतात. पृथ्वीचा तो ‘काळी माती’ पंथ. त्यांचे काही योद्धे ब्युलेटवर स्वार होतात. ब्युलेट म्हणजे जमिनीतला शार्क. आणि हा भयंकर प्राणी मुळात सत्तरच्या दशकातल्या एका स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यावरून सुचला होता, हे कळल्यावर त्याची भीती थोडी कमी होते. माझी तरी झाली.

पंथाचा प्रेषित मार्लोस अर्नरेल. तो मेड्युसा आहे : केसांच्या जागी साप, नजर पडेल त्याचा दगड. या जगात मेड्युसा जन्माला येत नाही, ती सौद्यातून घडते. कायमचं तारुण्य, कायमचं रूप मागायचं. ते मिळतं, काही वर्षं टिकतं, आणि मग किंमत वसूल होते. ज्याला काळ थांबवायचा होता त्याने दगडाची पूजा करावी, यात नवल काय? दगड म्हणजे थांबलेला काळच, असं त्याला वाटलं असणार.

त्याच्या हातात आयर्नफँग, युद्धाचा टिकाव. पाताळातल्या ‘ब्लॅक जिओड’ नावाच्या जागी, म्हणजे पृथ्वीतत्त्वाच्या जगाला भिडणाऱ्या जागी, तासाभराच्या विधीने त्यातून एक गोळा तयार होतो. व्यास फूटभर. फुटला की आसपास मिनिटभर भूकंप. कधी फुटेल? १ ते १०० तासांत केव्हाही. फासा टाकून ठरतं. बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. माती नेमकी वेळ सांगून हलत नाही, एवढं भान या नियमात आहे.

[नारिंगी उजेड पुन्हा. आता जवळून.]

आणि कधीतरी तो स्वतः येतो. आकड्यांत सांगायचं तर ५२६ हिट पॉइंट, म्हणजे एवढे घाव सोसायची ताकद. साध्या मातीच्या तत्त्वजीवाची १२६. समोर उभे असलेले खेळाडू हा डोंगर फोडायला बघतात.

पण त्याच्या युक्त्यांमध्ये एक विचित्र युक्ती आहे. तो स्वतःच्या अंगाचा तुकडा मोडतो आणि शेजारी ठेवतो. तुकड्याचा गार्गॉइल होतो, पंख पसरतो. त्या बदल्यात ओग्रेमॉकचे ५० पॉइंट जातात. एका फेरीत असं एकदाच करता येतं, आणि ५० किंवा त्याहून कमी उरले तर येत नाही.

समजा, कुणी त्याला हातही लावला नाही आणि तो मोडतच राहिला. ४७६. ४२६. ३७६. दहाव्या गार्गॉइलनंतर उरतात २६. अकरावा होणार नाही.

[कॅमेरा जमिनीवर, दगडांच्या ढिगाजवळ. मग हळूच वर.]

खाली गुडघ्याएवढा उजेड. वर, हवेत, दहा दगड घिरट्या घालताहेत.