माशीचं मागाहून बघू

(इंदूरच्या एका मराठी मंडळाच्या मासिक बैठकीतलं व्याख्यान, थोडी काटछाट करून.)

मंडळी, नमस्कार. फळ्यावर विषय लिहिलाय 'घरच्या घरी मांसाहारी झाड'. हे 'मांसाहारी' आपल्या चिटणिसांचं. मी 'कीटकभक्षी' सांगितलं होतं. पण त्यामुळे आज चार खुर्च्या जास्त भरल्यात, तेव्हा माझी तक्रार नाही.

मी वनस्पतिशास्त्रातली नव्हे, हे आधीच सांगते. तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. त्यामुळे या झाडाकडे, म्हणजे व्हीनस फ्लायट्रॅपकडे, बघताना मला त्याच्या तोंडापेक्षा त्याच्या बशीतलं पाणी आधी दिसतं. तुम्ही मात्र माशीचंच विचारणार. काल एकांचा फोन आला, "ताई, इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय. तुमच्या झाडाला माशी कुठून आणायची? संध्याकाळी छप्पनच्या खाऊगल्लीत फिरायला न्यायचं का?" विनोद चांगला आहे. पण माशीचं मागाहून बघू.

हे झाड माशी खातं ते पोट भरायला नव्हे. त्याचा स्वयंपाक इतर झाडांसारखाच उन्हात, हिरव्या पानात होतो. माशीतून त्याला हवा असतो नायट्रोजन, थोडा फॉस्फरस, कारण ते जिथलं आहे तिथल्या जमिनीत तो फारसा नाही. व्हीनस फ्लायट्रॅप मूळचं अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाचं. तिथली जमीन रेताड, आम्लधर्मी आणि सदा ओली. आपल्याकडे म्हणतात ना, 'मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर'. अशा काळ्या मातीत वाढणाऱ्या झाडाला माशा मारायची काय गरज? भरल्या घरचं ते!

आणि हे परदेशीच खूळ आहे असं समजू नका. सातारकर कोण आहेत इथे? हात वर करा. दोन. कासच्या पठारावर जांभ्या दगडावर जेमतेम बोटभर माती. तिथे दवबिंदू उगवतो. त्याच्या पानावरचे थेंब दवाचे नसतात, चिकट द्रवाचे असतात, आणि चिलट त्यावर बसलं की पुन्हा उठत नाही. आपण ज्या निळ्या-जांभळ्या फुलांचे फोटो काढतो, त्या सीतेच्या आसवांनाही ओल्या मातीत बारीक फुगे असतात आणि ते सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. म्हणजे सीतेची आसवंसुद्धा कीटकभक्षी! मेघालयात घटपर्णी आहे. पण ती दुर्मीळ, संरक्षित, तिचा मोह नको.

आता माझ्या पहिल्या फ्लायट्रॅपची गोष्ट. खोक्यातून आलं, वाटीएवढ्या कुंडीत. खिडकीत ठेवलं आणि आमच्या घराचं सराफा झालं, रात्रीच्या खाऊबाजारासारखी गर्दी. येणारा प्रत्येक जण बोट घालून बघायचा. त्या तोंडात, म्हणजे दुमडून मिटणाऱ्या पानात, आतल्या बाजूला बारीक केस असतात. एकाला एकदा धक्का लागला तर झाड गप्प बसतं. साधारण वीस सेकंदांच्या आत दुसरा लागला की मिटतं. उगाच पावसाच्या थेंबाला फसायला नको म्हणून ही सोय. माझा नातू मोठ्याने आकडे मोजायचा आणि एकोणिसाव्याला बोट लावायचा. आता, मिटायला झाडाला खर्च येतो. आत काही मिळालं नाही तर पुन्हा उघडायला दिवस जातो, आणि एक पान आयुष्यात मोजक्याच वेळा मिटू शकतं. पाहुण्यांनी आठवडाभरात त्याची निम्मी तोंडं खर्ची घातली.

मग देवासच्या वहिनी आल्या. पोह्यांची बशी हातात. "अगं, उपाशी ठेवलंस की काय याला?" म्हणाल्या, आणि मी चहा आणेपर्यंत लसणाची शेव घातली. वर जिरावन, आपला पोह्यांवरचा मसाला, भुरभुरलं होतं की नाही, मला माहीत नाही, विचारायची हिंमत झाली नाही. चार दिवसांत ते पान काळं. तशी वहिनींना परंपरा मोठी आहे हो! डार्विनने १८७५ च्या पुस्तकात लिहून ठेवलंय, त्याने दवबिंदूला दूध, उकडलेलं अंडं, भाजलेलं मांस, सगळं घालून पाहिलं. पण तो नोंदी ठेवायचा. आणि शेव त्याच्याकडे नव्हती.

तरी झाड जगलं. मग मी पंधरा दिवस मुलीकडे नाशिकला गेले. माळीदादांना बजावलं, बशीत फक्त बाटलीतलं पाणी घाला. बाटली तिसऱ्या दिवशी संपली. त्यांनी बोअरिंगचं घातलं. झाड मलूल दिसलं म्हणून मूठभर गांडूळखत घातलं. तरीही मलूल, म्हणून आणखी मूठभर. मी परतले तेव्हा कुंडीत काळा चोथा. माळीदादा शेजारी उभे, डोळ्यांत पाणी. "मॅडमजी, इत्ता खिलाया, फिर भी नी बचा." काय बोलणार? जीव लावून मारलं होतं. मी त्यांना चहा दिला आणि आम्ही दोघं बसून राहिलो.

त्या रात्री मी पाण्यातले क्षार मोजायचा मीटर काढला. माझ्या घरी बोअरिंगच्या पाण्यात क्षार लिटरमागे ७०० मिलिग्रॅमच्या वर, नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यात २०० च्या पुढे. झाडाला चालतात ५० च्या आत. मग माझा आरओ तपासला. तो ९०! कारण त्यात म्हणे खनिजं परत घालायची कांडी बसवलेली. आधी काढायची, मग घालायची, आणि दोन्हीचे पैसे घ्यायचे. या विषयावर मी स्वतंत्र बोलेन, चिटणीस बोलावतील तर. क्षार उडून जात नाहीत हो, पाणी उडतं. गीझरमध्ये पांढरा थर बसतो ना, तसाच कुंडीत साचत जातो, आणि गरीब मातीची सवय असलेली ही मुळं जळतात.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. आणि मुख्य विषय अजून राहिलाय! लिहून घ्या भराभर.

पाणी पावसाचं. जुलैपासून गच्चीवर पिंप ठेवा, झाकून, डास होतील. नाहीतर डिस्टिल्ड. एसीचं चालेल का? मीटर लावा, त्याला विचारा. कुंडीखाली बशी, बशीत बोटभर पाणी कायम. माती म्हणजे पीट मॉस, दलदलीतलं कुजलेलं शेवाळ, आणि परलाइट, ते हलके पांढरे खडे. बागेची माती नाही, खत अजिबात नाही. कोकोपीटात मीठ असू शकतं, म्हणून मी वापरत नाही. कुंडी प्लॅस्टिकची. ऊन भरपूर, दिवाणखान्यातल्या टेबलावर हे झाड नुसतं झुरतं. एप्रिल-मेच्या दुपारी हिरवी जाळी.

डिसेंबर-जानेवारीत पानं काळवंडतील, झाड आक्रसेल. मेलं म्हणून फेकू नका. ते झोपतं, आणि त्याला तीनेक महिने थंडी हवीच. इथे आपण मुंबईकरांपेक्षा सुखी. शब-ए-मालवाचा, माळव्यातल्या गार रात्रींचा, एवढा अभिमान आहे ना, मग कुंडी बाहेर गच्चीत ठेवा. पाणी कमी, बंद नाही. फुलाचा दांडा आला तर कोवळा असतानाच कापा, नव्या झाडाचं तो बळ खातो.

हां, माशी. गच्चीत ठेवलंत तर मुंग्या, चिलटं ते स्वतःच पकडतं. महिनाभर काही मिळालं नाही तरी मरत नाही. घालायचीच असेल तर जिवंत हवी. मेलेली घातली तर आत हालचाल नाही, मग पाचकरस सुटत नाही, दुसऱ्या दिवशी तोंड उघडतं आणि माशी जशीच्या तशी.

प्रश्न पोह्यांनंतर घेते. माझं दुसरं झाड आणलंय, मागच्या टेबलावर आहे. तिसरा हिवाळा पार केलाय त्याने. लांबून बघा. आणि पोह्यांच्या बशा कृपा करून त्या टेबलावर ठेवू नका.

अहो भाऊ, लांबून म्हटलं ना!