डब्यावरची चिठ्ठी

'शोले'च्या शेवटी गब्बरचं काय होतं? तुम्हाला पाठच असेल. ठाकूर त्याला खिळ्यांच्या बुटांनी तुडवतो, आता संपवणार इतक्यात पोलीस येतात आणि कायद्याची आठवण करून देतात. पण रमेश सिप्पींनी आधी चित्रित केलेल्या शेवटात पोलीस नव्हतेच. तिथे ठाकूर गब्बरला मारून टाकतो. साल 1975, आणीबाणी लागलेली. एके काळचा पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो, हे सेन्सॉरला चाललं नाही. शेवट पुन्हा चित्रित झाला. तो पहिला शेवट जून 2025 मध्ये इटलीत, बोलोन्याच्या महोत्सवात, फिल्म हेरिटेज फाउंडेशननं नव्यानं सिद्ध केलेल्या प्रतीत दाखवला गेला.

मग मूळ 'शोले' कुठला? दिग्दर्शकानं आधी केलेला, की पन्नास वर्षं लोकांनी पाहिला तो? मी म्हणतो, दोन्ही ठेवा. पोलीस येतात तो शेवट लादलेला असला तरी टाकून देण्याजोगा नाही. त्यात ते वर्ष दिसतं. अर्काइव्हनं, म्हणजे जुने चित्रपट जपणाऱ्या संग्रहालयानं, निवाडा करत बसू नये. फिल्मच्या डब्यात काय आहे, कधीचं आहे, कोणाच्या कात्रीखालून गेलंय, एवढं चिठ्ठीवर खरं लिहावं.

एवढं म्हणतो खरा, पण ती चिठ्ठी लिहिणं फार अवघड असतं. आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 साली सुरू झालं आणि पी. के. नायरांनी ते अक्षरशः एकेक डबा गोळा करत उभं केलं. चांगला-वाईट असा भेद त्यांनी केला नाही, मिळेल ते घेतलं. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची आज असलेली रिळं त्यांच्याचमुळे आहेत. 3 मे 1913 ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागलेला हा चित्रपट चार रिळांचा होता. हाती आहेत ती पहिलं आणि शेवटचं. राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतोय. पुढे हौदात तारामतीच्या सख्या, ओलेत्या लुगड्यांतले सगळे पुरुषच! (तारामती झालेले अण्णा साळुंके त्याआधी उपाहारगृहात कामाला होते.)

गोम अशी की फाळक्यांनी 1917 साली हीच कथा पुन्हा चित्रित केली. आपण चित्रपटाच्या शताब्दीला हार घातले ती दृश्यं 1913 ची नसून 1917 ची आहेत, असं काही अभ्यासक म्हणतात.

असा वाद सोडवायला पडद्यावरचं चित्र पुरत नाही, फिल्मची कड बघावी लागते. कोडॅक कंपनी कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा छापायची, त्यांवरून फिल्म बनल्याचं वर्ष ओळखता येतं. जुन्या प्रतीवरून नवी काढताना जुन्या खुणा कधीकधी उतरतातही. रिळात जोड कुठे दिलाय, कडेची भोकं किती झिजलीत, हेसुद्धा पुरावेच. स्कॅन करताना आपण बहुधा फक्त चौकटीतलं चित्र घेतो आणि कड सोडून देतो. म्हणून 'आता डिजिटल झालंय, डबे कशाला सांभाळायचे?' असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

आणि डबे तरी उरलेत किती? जुनी नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेते. जानेवारी 2003 मध्ये पुण्यातच अशा साठ्याला आग लागली. नंतरची ॲसिटेट फिल्म तशी भडकत नाही, पण उकाड्यात आणि दमटपणात कुजते, डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा येतो. पुष्कळ चित्रपट तर रासायनिक लेपातल्या चांदीसाठी भंगारात गेले. 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट, 1931 चा. त्याची एकही प्रत हाती नाही.

मघाशी एका बाईंनी विचारलं, रंगीत 'मुघल-ए-आझम' पाहावा की नाही? जरूर पाहा, पण आधी 1960 चा पाहा. तो कृष्णधवल आहे, पण पूर्ण नाही. शीशमहालातलं गाणं के. आसिफ यांनी टेक्निकलरमध्ये घेतलं होतं. इतका वेळ करड्या छटांत बसलेल्या प्रेक्षकासमोर अनारकली नाचू लागते आणि आरशाआरशांत रंग उसळतो. 2004 मध्ये सगळाच चित्रपट रंगवला. गाणं तेच, आरसेही तेच, पण त्या क्षणी खुर्चीत सावरून बसावं असं आता काही होत नाही.